रूट कॅनालची लांबी आणि ते बीप-बीप वाजणारं यंत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनालची लांबी ठरवायला आम्ही एपेक्स लोकेटर नावाचं यंत्र वापरतो (एपेक्स म्हणजे मुळाचं टोक). त्याचा हुक ओठाला अडकवला की तोंड उघडं ठेवून बसलेला पेशंट प्रश्न विचारतो तो डोळ्यांनी. हे काय लावलं? करंट आहे का ह्यात? मग बीप वाजायला लागलं की भुवया आणखी वर जातात. तेव्हा उत्तर द्यायला माझे दोन्ही हात मोकळे नसतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. पहिले प्रश्न पेशंटचे आहेत. पुढचे आमच्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या आणि नुकतंच स्वतःचं क्लिनिक टाकलेल्या मुलामुलींचे. पेशंटनी तेही वाचायला हरकत नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रूट कॅनालमध्ये लांबी कसली मोजता?

दाताच्या मुळात एक बारीक नळी असते आणि तिच्यात आपण जिला ‘नस’ म्हणतो ती असते. खरं तर रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी मिळून ती होते. कीड तिथवर पोचली की नस काढायची, नळी घासून-धुऊन साफ करायची आणि गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने बंद करायची. हे सगळं कुठपर्यंत करायचं, हा खरा प्रश्न. मुळाच्या टोकाला एक भोक असतं, त्यातून नस जबड्यात जाते. त्या भोकाच्या जरा अलीकडे नळी सगळ्यात अरुंद होते. दाताची हद्द तिथे संपते आणि जबड्याची सुरू होते. आम्हाला काम हद्दीपर्यंत करायचं असतं, शेजाऱ्याच्या अंगणात नाही.

वरचा पुढचा दात साधारण २२-२३ मिलिमीटर, दाढ २०-२१, वरचा सुळा २६-२७. ह्या झाल्या सरासऱ्या. तुमचा सुळा सरासरी वाचून उगवलेला नसतो. २५ मिमीची फाइल (नळी घासायची बारीक सुई) पुरी पडली नाही म्हणून ३१ ची शोधायला असिस्टंटला कपाटाकडे पाठवावं लागलं, असं आमच्याकडे अधूनमधून होतंच.

एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर काय मोठं बिघडतं?

आखूड राहिलं तर टोकाशी सडलेला भाग आणि जंतू शिल्लक राहतात. दात लगेच दुखेलच असं नाही, म्हणून पेशंटला वाटतं काम झकास झालं. वर्षा-दोन वर्षांनी हिरडीवर पुळी येते. जास्त आत गेलं तर उलट त्रास: फाइल जबड्याच्या पेशी खरवडते, नळीतली घाण पुढे ढकलली जाते आणि त्या रात्री दात ठणकतो. नळी धुवायला आम्ही सोडियम हायपोक्लोराइट वापरतो. ते टोकाबाहेर जोराने गेलं तर गालावर भप्पकन सूज येते आणि कातडी काळीनिळी पडते. एकदा पाहिलं की डॉक्टर ते जन्मात विसरत नाही.

आकड्यांत सांगायचं तर स्वीडनमध्ये ३५६ पेशंटना आठ ते दहा वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं होतं. तो अभ्यास १९९० साली छापून आला. नस मेलेली आणि मुळाच्या टोकाशी गाठ दिसत असलेल्या दातांत, जिथे भरण टोकापासून दोन मिमीच्या आत थांबलं होतं तिथे ९४ टक्के दात बरे झाले. टोकाबाहेर गेलं होतं तिथे ७६ टक्के, आणि दोन मिमीपेक्षा जास्त आखूड राहिलं होतं तिथे ६८. आखूड ठेवणं म्हणजे सुरक्षित, असं आम्हाला कॉलेजात कुणीतरी हळूच सांगितलेलं असतं. हे तीन आकडे त्याला उत्तर देतात.

एक्स-रे काढताच ना? मग यंत्र कशाला?

एक्स-रे सावली दाखवतो. संध्याकाळी तुमची सावली अंगणात लांबलचक पडते, म्हणून तुमची उंची वाढत नाही. एक्स-रे मशीनचा कोन जरा चुकला की मूळ लांब नाहीतर आखूड दिसतं. वरच्या मागच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली येते आणि टोक गायबच होतं. काही पेशंटना सेन्सर तोंडात मागे नेला की उमासे येतात, फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो.

मुख्य अडचण वेगळीच आहे. नळीचं भोक मुळाच्या अगदी टोकावर असतंच असं नाही. बऱ्याचदा ते बाजूला, टोकाच्या थोडं अलीकडे उघडतं. कधी ते गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला असतं, म्हणजे समोरून काढलेल्या फोटोत ते दिसायचा संबंधच नाही. फोटोत फाइल टोकाशी बरोबर बसलेली दिसते आणि प्रत्यक्षात ती एक मिमी बाहेर डोकावत असते. मेक्सिकोतल्या कुटलर यांनी १९५५ साली शेकडो मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं की सगळ्यात अरुंद जागा भोकापासून तरुणांमध्ये साधारण अर्धा मिमी आत असते आणि वयस्कांत त्याहून थोडी जास्त, कारण टोकावर सिमेंटमचे, म्हणजे मुळावरच्या कठीण आवरणाचे, थर चढत जातात.

मग यंत्र असताना एक्स-रे कशाला?

हाही प्रश्न येतो, बहुधा त्याच पेशंटकडून. यंत्राला मुळं किती आहेत ते कळत नाही. मूळ किती वाकडं आहे, टोकाशी गाठ आहे का, आपण भलत्याच नळीत तर शिरलो नाही ना, हेही त्याला कळत नाही. ते फोटो सांगतो. दोघांचं एकमत झालं की मी पुढे जाते. मतभेद अर्ध्या मिमीचा असेल तर मी यंत्राचं ऐकते. दोन मिमीचा असेल तर कुणाचंच ऐकत नाही, सगळं पहिल्यापासून बघते.

विजेचं आहे म्हणता, शॉक बसेल का?

नाही. बॅटरीवर चालतं आणि त्यातून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की तुम्हाला कळतही नाही. क्वचित, भूल दिलेली नसताना जिवंत नस असलेल्या दातात हलकी झिणझिण जाणवू शकते. तेव्हा हात वर करा, आम्ही थांबतो.

बीप वाजायला लागलं की टोचल्यासारखं का होतं?

कारण फाइलचं टोक खरोखरच जिवंत पेशींच्या जवळ पोचलेलं असतं. बीप आणि टोचणं एकाच वेळी येतात म्हणून लोकांना वाटतं बीपने टोचलं. भूल पुरेशी चढली असेल तर हे होत नाही. झालं तर सांगा, सोसत बसू नका. ‘दाढ काढताना आमच्या आजोबांनी हूं की चूं केलं नाही’ ह्या गोष्टी घरी ठेवून या.

मला पेसमेकर आहे. चालेल?

हे आधी सांगा. खुर्चीत बसल्यावर नाही, अपॉइंटमेंट घेतानाच. यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत पेसमेकरबद्दल इशारा असतोच. प्रयोगशाळेत पेसमेकरला थेट जोडून केलेल्या चाचणीत बहुतेक यंत्रांनी काही गडबड केली नाही, पण एकाने केली. पुढे २००६ मध्ये पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्या २७ जणांवर प्रत्यक्ष तपासलं तेव्हा कुणाच्याच उपकरणात व्यत्यय आला नाही. तरीही मी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन केल्याशिवाय हुक लावत नाही. त्यांनी नको म्हटलं तर एक्स-रे आणि पेपर पॉइंटवर (नळी टिपायची कागदाची बारीक कांडी) काम होतं, वीस वर्षांपूर्वी होतच होतं. आणि हो, दवाखान्यात पेसमेकरला खरा धोका ह्या यंत्रापेक्षा हिरडी कापायच्या इलेक्ट्रिक कॉटरीचा जास्त असतो. तिच्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

गरोदरपणात?

यंत्र चालतं. उलट त्यामुळे एक-दोन एक्स-रे वाचतात. तातडी नसेल तर मधले तीन महिने बरे.

लहान मुलांच्या दुधाच्या दातात वापरता का?

वापरतो, पण हातचं राखून. दुधाच्या दातांची मुळं खालून झिजत असतात, त्यामुळे टोक वेडंवाकडं असतं आणि खाली कायमचा दात वाट बघत असतो. तिथे मी यंत्राच्या आकड्यातून एक-दीड मिमी आणखी वजा करते.

ह्याचे वेगळे पैसे लावता का?

नाही. कुणी लावले तर बिलावर काय लिहिलंय ते विचारा.

आता डॉक्टरांचे प्रश्न. मॅडम, हे यंत्र लांबी मोजतं म्हणजे नेमकं काय मोजतं?

लांबी मोजत नाही. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

विहिरीत पोहरा सोडा. पाण्याला लागला की आवाज येतो. आवाजाने इतकंच कळतं की पोहरा पाण्याला लागला. किती खोल, हे कळायला काठाशी दोर चिमटीत धरून वर ओढायचा आणि हाताने मोजायचा. यंत्राचं बीप म्हणजे पोहऱ्याचा आवाज. दोर म्हणजे फाइल, चिमूट म्हणजे फाइलवर सरकणारा रबरी स्टॉपर आणि विहिरीचा काठ म्हणजे दाताचा कस्प, चावायच्या बाजूचं उंच टोक. यंत्र फक्त सांगतं की टोक पेशींना लागलं. मिलिमीटर तुम्ही पट्टीवर मोजता. चिमूट सरकली किंवा काठ ढासळला तर यंत्र लाखाचं असलं तरी आकडा चुकीचाच येणार.

ही कल्पना १९१८ मध्ये अमेरिकेतल्या कस्टर यांनी मांडली. १९४२ साली जपानमध्ये सुझुकी यांना कुत्र्यांच्या दातांवर काम करताना आढळलं की नळीतलं उपकरण आणि तोंडाची आतली त्वचा यांच्यातला विद्युतरोध ठरावीक असतो. त्यावरून सुनादा यांनी १९६२ मध्ये माणसांसाठी पद्धत बसवली: फाइल पेशींना टेकली की रोध साधारण साडेसहा किलोओहम, मग दात कुठलाही असो आणि वय कितीही. सुंदर कल्पना. पण नळी कोरडी ठणठणीत असेल तरच चालायची. जरा रक्त, जरा पू, जरा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असलं की यंत्र अर्ध्या वाटेतच ‘पोचलो’ म्हणायचं. आमच्या सरांच्या पिढीने ह्या यंत्रांना नावं ठेवली ती उगाच नाही.

तोडगाही जपानमध्येच निघाला. एकाच वेळी दोन वेगवेगळ्या वारंवारितेचे प्रवाह सोडायचे आणि दोन्हींच्या रोधांची तुलना करायची. नळीत ओल असली तरी ती दोन्हींवर परिणाम करते, म्हणून गुणोत्तर फारसं बिघडत नाही. कोबायाशी आणि सुदा यांनी १९९४ मध्ये ह्याचं विवरण छापलं आणि मोरिटा कंपनीचं ‘रूट झेडएक्स’ ह्याच तत्त्वावर चालतं. त्यात ०.४ आणि ८ किलोहर्ट्झ वापरतात. फाइल वर असताना गुणोत्तर एकच्या आसपास असतं, अरुंद जागेशी आलं की ०.६७ च्या जवळ उतरतं. आज बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रं ह्याच कल्पनेची लेकरं-नातवंडं आहेत.

स्क्रीनवर ०.५ दिसतं, म्हणजे टोकापासून अर्धा मिमी ना?

नाही! हा गैरसमज इतका पसरलेला आहे की पोस्ट-ग्रॅज्युएशनला आलेली मुलंही बिनदिक्कत सांगतात. स्क्रीनवरचे १, २, ३ हे आकडे मिलिमीटर नाहीत. गुणोत्तर कुठे आहे ते दाखवणाऱ्या त्या खुणा आहेत. ज्या एका जागेवर यंत्राचा भरवसा सगळ्यात जास्त, ती म्हणजे फाइल पेशींना टेकते ती, स्क्रीनवर ‘एपेक्स’ किंवा ‘०’ लिहिलेली.

म्हणून माझी पद्धत अशी. फाइल हळूहळू फिरवत खाली न्यायची, एपेक्सची खूण लागेपर्यंत. तिथून सावकाश मागे घेऊन ०.५ च्या पट्टीवर पाच सेकंद थांबायचं. आकडा नाचत असेल तर मापन नाही, घरी जा. स्थिर असेल तर स्टॉपर कस्पला टेकवायचा, फाइल बाहेर काढायची, पट्टीवर मोजायची. काहीजण एपेक्सवर मोजून पट्टीवर अर्धा मिमी वजा करतात. तेही ठीक. दोन्ही पद्धतींची खिचडी मात्र करू नका: ०.५ वर थांबून पुन्हा अर्धा वजा करणारे आखूड राहतात आणि मग म्हणतात यंत्र चुकतं.

सगळं नीट केलं तर किती अचूक?

रूट झेडएक्सवर प्रत्यक्ष पेशंटच्या दातांत झालेल्या वेगवेगळ्या अभ्यासांत, अर्ध्या मिमीच्या आत उत्तर बरोबर येण्याचं प्रमाण ८२ ते ९६ टक्के आलं आहे. फरक पडतो तो तुलना कशाशी केली यावर, अरुंद जागेशी की बाहेरच्या भोकाशी. म्हणजे दहातल्या फार तर एका-दोन नळ्यांत तुम्ही फसणार. फोटो त्या एका-दोनांसाठी असतो.

फाइल नुसती आत टाकली की लगेच एपेक्स दाखवतं. मशीन बिघडलं का?

मशीन बिघडलेलं नसतं. बाहेर कुठेतरी गळती असते.

परवाचीच गोष्ट. खालची पहिली दाढ, एका बाजूला जुनं चांदीचं भरण. ज्युनियरने फाइल टाकली, चार मिमीवर बीप. काढली, पुन्हा टाकली, बीप. तो म्हणाला बॅटरी गेली वाटतं. मी सांगितलं, आरसा घे आणि बघ. पल्प चेंबर (दाताच्या आतली पोकळी) हायपोने काठोकाठ भरलेलं, फाइल भरणाला टेकलेली, आणि हिरडीच्या बाजूला रबर डॅमच्या (दाताभोवती ताणलेल्या रबरी पडद्याच्या) फटीतून थुंकी चकाकत होती. प्रवाहाला नळीतून मुळापर्यंत जायची गरजच काय? फाइलमधून भरणात, भरणातून थुंकीत, थुंकीतून हुकात. जवळचा रस्ता सापडला की वीज लांबून जात नाही, आपल्यासारखीच. कापसाच्या बोळ्याने चेंबर टिपलं, नळीतली ओल तशीच ठेवली, डॅमच्या फटीत जरा पॅकिंग दाबलं. त्याच फाइलने त्याच नळीत १९.५ वर सरळ, स्थिर बीप. बॅटरी तीन खाने भरलेली होती.

तेव्हा क्रम असा: नळी ओली, चेंबर कोरडं, धातू लांब. मेटल कॅपमधून काम करत असाल तर छिद्र जरा रुंद करा किंवा फाइलचा वरचा भाग इन्सुलेट करा. एवढं करूनही नळीच्या मध्यावर अचानक बीप येत असेल, रक्तही येत असेल, तर दाताला भोक पडलंय किंवा मूळ तडकलंय का ते बघा. अशा वेळी यंत्र खोटं बोलत नसतं. फाइल खरोखरच पेशींना लागलेली असते, फक्त चुकीच्या जागी.

काहीच दाखवत नाही, तेव्हा?

आधी हुक आणि फाइलची क्लिप एकमेकांना टेकवा. काटा पूर्ण टोकाला गेला तर यंत्र आणि वायर ठीक. नाही गेला तर वायर बदला. वायर क्लिपच्या मुळाशी आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून करून हुकावर काळपट थर बसतो, तोही घासून बघा.

यंत्र ठीक असेल तर नळी कोरडी असेल, बुजलेली असेल, किंवा रिट्रीटमेंटमध्ये (जुनं रूट कॅनाल पुन्हा करताना) जुना गटापर्चा टोकाशी अडकलेला असेल. गटापर्चा वीज वाहत नाही. तिथे फाइल पेशींपर्यंत पोचेपर्यंत यंत्र गप्पच राहणार, आणि त्याने गप्प राहावं हेच बरोबर.

कोणती फाइल? आणि नळीत काय भरू?

वाट शोधायला ८ किंवा १० नंबर. मापनाला शेवटी नळीत जरा घट्ट बसेल अशी. रुंद नळीत १० नंबर लोंबकळते आणि आकडा डोलतो. तिथे १५, २०, लागेल तर त्याहून जाड घ्या. नळीत हायपो, क्लोरहेक्सिडिन, ईडीटीए, सलाईन, धुण्याचं कुठलंही द्रव चालतं. आजची यंत्रं तेवढं समजून घेतात. कोरडं ठणठणीत मात्र नको.

टोक उघडं असलेला दात, पडून मार लागलेला आठ वर्षांचा मुलगा. भरवसा ठेवू?

कमी. अरुंद जागाच तयार झालेली नाही, यंत्र शोधणार काय? अशा दातात ते आखूड आकडा देतं. जाड फाइल, फोटो आणि पेपर पॉइंट तिन्ही लावा.

एकदा मोजलं की झालं ना?

इथे माझीच चूक सांगते. वरची पहिली दाढ, पहिल्या सिटिंगला मी तिन्ही मुळांच्या नळ्यांच्या लांब्या लिहून ठेवल्या: मेसिओबकल १९.५, डिस्टोबकल १९, पॅलाटल २१.५. तिसऱ्या दिवशी पेशंट संध्याकाळी उशिरा आला, चावताना दुखतंय म्हणून. बाहेर रांग होती. मी कस्प जरा घासून दात चाव्यातून मोकळा केला आणि त्याला पाठवलं. कार्डावर काही लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात कार्ड बघून त्याच लांब्यांवर काम सुरू केलं. पॅलाटलमध्ये फाइल गेली आणि पेशंटने खुर्चीचा हात घट्ट धरला. पुन्हा मोजलं तर २०.५. पूर्ण एक मिमी मी त्या संध्याकाळी स्वतःच्या हाताने घासून टाकला होता. काठ ढासळवला मी, आणि दोर जुन्याच खुणेला धरला.

तेव्हापासून कार्डावर आकड्याशेजारी कस्पचं नाव लिहिते आणि घासायचं असेल तर मोजण्याच्या आधी घासते. दोन सिटिंगमध्ये दात कधीकधी पेशंटही बदलून आणतो. तात्पुरत्या भरणावर फुटाणे खाल्ले जातात, कोपरा उडतो. म्हणून प्रत्येक सिटिंगला पुन्हा मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

वाकड्या नळीत तर एकाच सिटिंगमध्ये दोनदा. वरचा भाग रुंद केला की फाइल सरळ जायला लागते आणि वळणाची वाट वाचते. लांबी थोडी कमी होते, कधी अर्ध्या मिमीपर्यंत. वरचा भाग आधी उघडून मग मोजलं तर हा ताप वाचतो.

फाइल फिरवणारी मोटर आणि लोकेटर एकत्र असलेलं घेऊ का? आपोआप थांबतं म्हणे.

थांबतं, उलटंही फिरतं. सोय चांगली आहे. पण हाताच्या फाइलने वाट न करता थेट मोटर लावणाऱ्याला ते वाचवत नाही. धातूला टेकून खोटा बीप आला तर मोटर अर्ध्या वाटेत उलटी फिरणार, आणि तुम्ही समजणार की पोचलो. मी स्वतः लांबी हाताने ठरवते आणि मोटरचं आपोआप थांबणं फक्त पहारेकरी म्हणून ठेवते.

कितवी पिढी घ्यावी? सेल्समन सहावी म्हणतो.

पहिली पिढी नुसता रोध मोजायची, दुसरी एका वारंवारितेवर, तिसरी दोन वारंवारितांची तुलना करते. त्यापुढची गणती बरीचशी जाहिरातवाल्यांची आहे. तिसऱ्या पिढीचं नावाजलेलं यंत्र आणि परवा आलेलं चकचकीत यंत्र यांच्यात दवाखान्यात फरक जाणवेलच असं नाही. दहा हजारांचं यंत्र घ्या की पन्नास हजारांचं, विचारायचं एवढंच: वायर आणि हुक सुटे मिळतात का, आणि किती दिवसांत? वायर तुटल्यावर तीन आठवडे थांबायला लागलं तर पिढी कितवी आहे याने काही फरक पडत नाही.

यंत्र नसेल, किंवा ऐनवेळी बंद पडलं तर?

तर अंदाजपंचे दाहोदरसे करू नका. सुरुवातीच्या फोटोवर दाताची लांबी मोजा, एक मिमी वजा करा, तेवढ्यावर फाइल ठेवून पुन्हा फोटो काढा. टोकापासून फरक दिसेल तेवढा कमीजास्त करा. नळी साफ आणि सुकी झाली की पेपर पॉइंट त्याच लांबीला आत ठेवा, क्षणभर थांबा आणि बाहेर काढून उजेडात धरा. टोक कोरडं असेल तर तुम्ही आत आहात. टोकाला ओल किंवा लाल ठिपका आला तर बाहेर गेलात. तो ओला भाग पट्टीवर मोजा आणि लांबीतून तेवढा वजा करा. मग नवा पॉइंट घ्या आणि पुन्हा बघा.